ताम्हिणीमार्गे दिवेआगर: सायकल गटाची दोन दिवसांची सफर

पुण्याहून सायकलवर समुद्र गाठायला वाटा बऱ्याच आहेत. बोरघाट उतरून खोपोली-पेणवरून अलिबाग, वरंध्यातून महाड, किंवा ताम्हिणी उतरून माणगाव-म्हसळ्यावरून दिवेआगर. यातली तिसरी वाट आम्हाला सर्वांत सरस वाटते. चांदणी चौकापासून दिवेआगर साधारण १५० किलोमीटर पडतं, आणि तयारीचा गट सकाळी निघून उजेड असताना पोहोचू शकतो. चढ टप्प्याटप्प्यानं येतात, धरणाचा काठ लाभतो, आणि सह्याद्री एकाच लांब उतारात खाली उतरता येतो.

पण या वाटेबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे: घाट उतरला की झालं, पुढे समुद्रापर्यंत सपाटी. प्रत्यक्षात घाट संपतो तेव्हा वाटेचं जेमतेम निम्मं अंतर झालेलं असतं. उरलेल्या निम्म्यात ऊन, दमट हवा, समोरचा वारा आणि डोंगरांच्या सोंडांवरचे चढ-उतार एकत्र येतात. या वाटेवर माणसं थकून सोबतच्या टेम्पोत बसतात ती बहुतेक माणगावच्या पुढे, ताम्हिणीच्या चढावर नव्हे. म्हणून पुढचं सगळं नियोजन दुपार डोळ्यांसमोर ठेवून केलेलं आहे.

हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात ताम्हिणीत दरडी येतात, धुक्यात दहा मीटरवरचं दिसत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी धबधबे पाहायला येणाऱ्या गाड्यांनी रस्ता तुंबतो. मार्चनंतर कोकणातली दुपार सायकलची राहत नाही.

आदली संध्याकाळ

गट बारा जणांचा धरू. निघण्याआधीच त्याचे सहा-सहाचे दोन भाग करावेत आणि दोन्हींत पाच मिनिटांचं अंतर ठेवावं. बारा सायकलींची सलग रांग ओलांडायला गाडीला लांब मोकळा रस्ता लागतो. तो मिळाला नाही की चालक मध्येच आत घुसतो, आणि रांगेतला कुणीतरी रस्त्याबाहेर ढकलला जातो. प्रत्येक भागाला पुढे एक लीड आणि मागे एक स्वीप. लीड वेगवान नसला तरी चालतो, त्याला वेग सारखा ठेवता आला पाहिजे. स्वीप मात्र गटातला सर्वांत दमदार आणि सर्वांत शांत माणूस असावा. हत्यारांची मोठी पिशवी त्याच्याकडे. तो कुणालाही मागे टाकून पुढे जात नाही.

आता सायकल. ब्रेक पॅड आधी पाहायचे. रिम ब्रेकच्या, म्हणजे चाकाच्या कडेवर दाबणाऱ्या ब्रेकच्या, रबरावर खाचा असतात. त्या दिसेनाशा झाल्या असतील तर पॅड आजच बदलायचे. रबरात रुतलेले ॲल्युमिनियमचे चमकते कण सुईनं काढावेत, नाहीतर घाटात ते रिम किसतात. डिस्क ब्रेकमध्ये पॅडवरचा मसाला मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी उरला असेल तर या सफरीला तो पुरेल असं गृहीत धरू नये. नवे पॅड घातले तर पंधरा-वीस वेळा वेग घेऊन ब्रेक दाबून ते डिस्कवर बसवून घ्यायला हवेत. कोरे पॅड घेऊन थेट घाटात उतरणं धोक्याचं आहे. वायरचे ब्रेक असतील तर लिव्हर पूर्ण दाबून आतलं टोक तपासावं. वायरचे धागे तुटायला तिथूनच सुरुवात होते.

चेनला तेल संध्याकाळीच घालावं, सकाळी नको. पातळ तेलातला द्रव उडून जायला आणि वंगण कड्यांच्या आत मुरायला काही तास लागतात. घातल्यावर बाहेरची बाजू फडक्यानं कोरडी पुसायची. बाहेरचं तेल फक्त धूळ धरतं. चेन किती ताणली आहे ते गेजनं पाहावं. ११ आणि १२ गिअरच्या चेनला ०.५ टक्के ही मर्यादा, ८ ते १० गिअरच्या चेनला ०.७५. चेन झिजलेली असेल तर शेवटच्या चढांवर जोर लावताना ती दातांवरून घसरते, आणि पाय पॅडलवरून सुटून माणूस पडतो.

टायरमधल्या हवेचा आकडा सगळ्यांना एकच नसतो. ७५ किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये पुढे ७० आणि मागे ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), ३२ मिलिमीटरमध्ये पुढे ५५ आणि मागे ६५, हायब्रिडच्या ३८-४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ४५ ते ५० पुरतात. जास्त हवा म्हणजे जास्त वेग हा जुना समज आहे. खडबडीत रस्त्यावर टणक टायर उड्या मारतं, पकड सोडतं आणि हात बधिर करतं. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा मात्र कधीच ओलांडायची नाही.

प्रत्येकाकडे दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, पॅचचं पाकीट, पंप आणि मल्टिटूल हवंच. या सामानाची गटभराची एक यादी करून ठेवली की खूप त्रास वाचतो. कुणाची ट्यूब कोणत्या मापाची, कुणाचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड आणि कुणाचा बारीक, हे आधी कळायला हवं. बारीक व्हॉल्व्हची ट्यूब जाड भोकाच्या रिममध्ये वेळेपुरती चालते, जाड व्हॉल्व्ह बारीक भोकात जातच नाही. अरुंद ट्यूब रुंद टायरमध्ये ताणून भागवता येते, उलटं केलं तर ट्यूबला घडी पडून ती चिमटते. चेन जोडायची कडी ८, ९, १०, ११ गिअरला वेगवेगळी लागते, स्वीपकडे गटात असलेल्या प्रत्येक प्रकारची एक हवी. डिरेलरचा (मागचे गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो ज्याला लटकतो तो तुकडा, तर प्रत्येक सायकलचा निराळा, तो ज्याचा त्यानं आणायचा. सायकल उजव्या अंगावर पडली की हा मऊ तुकडा वाकतो, मग सर्वांत हलका गिअर टाकताच डिरेलर स्पोकमध्ये ओढला जातो.

गिअरबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. रोड बाइकला मागे ११-२८ ची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच, लहान चक्राला ११ आणि मोठ्याला २८ दात) असेल तर ती बदलून ११-३२ किंवा ११-३४ घालावी. घाटापेक्षा ती म्हसळ्यापुढे जास्त कामाला येते, कारण तिथले चढ छोटे पण तीव्र आहेत आणि पाय तोवर रिकामे झालेले असतात.

पहिला दिवस: चांदणी चौक ते पौड

पहाटे पाचला चाकं फिरली पाहिजेत. पाचला निघायचं म्हणजे पावणेपाचला सगळे हवा, दिवे आणि बाटल्या तपासून उभे. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणजे पहिले दोन तास अंधाराचे. मागचा लाल दिवा प्रत्येकाला सक्तीचा. रांगेत असताना तो सतत जळता ठेवावा, लुकलुकता दिवा मागच्याच्या डोळ्यांना त्रास देतो. सर्वांत मागच्या स्वीपनं मात्र एक जळता आणि एक लुकलुकता असे दोन लावावेत.

भूगाव, भुकूम, मग पिरंगुटचा छोटा घाट. थंडीत पाय गार असतात आणि उत्साह भलता असतो, त्यामुळे गटाचा वेग पहिल्याच चढाला बिघडतो. इथे पूर्ण वाक्य न धापता बोलता येईल एवढाच जोर लावायचा. पिरंगुटच्या उतारावर अंधारात गतिरोधक अचानक समोर येतात, लीडनं मोठ्यानं ओरडून सांगावं आणि प्रत्येकानं ते मागे पोहोचवावं. हातवारे अंधारात दिसत नाहीत.

रुंदीकरणानंतर या रस्त्याचा बराच भाग काँक्रीटचा झाला आहे. काँक्रीटवर चाक छान पळतं, पण रस्त्याच्या लांबीच्या दिशेनं जाणारी सांध्याची फट अरुंद टायरला धोक्याची. तिच्यावरून तिरकं, अगदी कमी कोनात जाऊ नये. ओलांडायचीच असेल तर हँडल थोडं जास्त वळवून एका झटक्यात ओलांडावी. काँक्रीटच्या कडेला खाली मातीचा पट्टा असतो, तिथली पायरी काही ठिकाणी बोटभर, काही ठिकाणी वीतभर. चाक चुकून खाली उतरलं तर लगेच वर चढवायचा प्रयत्न करू नये, टायर कडेला घासत राहतं आणि सायकल आडवी होते. सरळ चालत राहून वेग कमी करायचा, थांबायचं, उचलून वर घ्यायची.

पौड वीस-बावीस किलोमीटरवर. सव्वासहापर्यंत इथे पोहोचलो तर वेळापत्रक बरोबर चाललं आहे. चहा घ्यावा, पण दहा मिनिटांत. इथेच खायलाही सुरुवात करावी. भूक लागण्याची वाट पाहिली की उशीर होतो, शरीराला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात आणि एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. म्हणजे तासाला एक केळं आणि एक राजगिऱ्याचा लाडू किंवा चार-पाच खजूर. चिक्की थंडीत चालते, दुपारी कोरड्या तोंडात तिचा भुगा घशात अडकतो.

धरणाचा काठ

पौड सोडल्यावर रस्ता हळूहळू चढू लागतो आणि मुळशी धरणाजवळ माले गावाशी उजाडतं. चढावर रांग मोडू द्यावी. प्रत्येकानं आपल्या वेगानं चढायचं आणि माथ्यावर जमायचं. चढावर दुसऱ्याच्या वेगाला बांधून घेतलं तर हळू माणूस दमतो आणि वेगवान माणूसही दमतो.

हे पाणी मुळा नदीचं. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी इथे धरण बांधायला घेतलं तेव्हा बुडणाऱ्या गावांच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. जलाशयातलं पाणी डोंगराच्या पलीकडे, पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात उतरतं. ते वीजघर १९२७ पासून चालू आहे. आपण सायकलवर जी उंची उतरणार आहोत, तीच उंची हे पाणी नळांतून उतरतं आणि पुढे कुंडलिकेला मिळतं.

नाश्ता इथेच, आठच्या आत. पोहे किंवा उपमा. मिसळ आणि वडे यांची जागा परतीच्या प्रवासात, चढ-उतारावर तळलेलं आणि तिखट वर येतं. बाटल्या भरून घ्याव्यात. पुढे ताम्हिणी गावापर्यंत रस्ता काठाकाठानं खाली-वर होत जातो. फार कठीण नाही, मन लावून चालवावा आणि पुढे सरकावं.

ताम्हिणी

घाटाच्या माथ्यावर नऊच्या सुमारास थांबायचं आणि दहा मिनिटं नीट द्यायची. क्विक रिलीज आणि थ्रू ॲक्सल (चाक फ्रेममध्ये धरून ठेवणारे दांडे) घट्ट आहेत का, दोन्ही ब्रेक लिव्हर हँडलला टेकत नाहीत ना, टायरमध्ये काही रुतलं नाही ना. विंडचीटरची चेन गळ्यापर्यंत लावायची, फडफडणारं कापड वेगात हातावर आपटतं. गॉगल आवश्यक, कारण उतारावर डोळ्यात गेलेला किडा म्हणजे दोन-तीन सेकंद आंधळं जाणं.

उतार किती ऊर्जा देतो त्याचा हिशोब एकदा मांडून पाहावा. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो, आणि उतार साधारण ५५० मीटर उंचीचा. ही ऊर्जा साडेचार लाख जूलच्या वर जाते, तेवढ्या उष्णतेत दीड लिटरच्या आसपास पाणी उकळीला येईल. यातला जितका भाग हवेचा विरोध खाऊन टाकेल तितका बरा, उरलेला सगळा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातो. म्हणून ताठ बसायचं, छाती वाऱ्याला द्यायची आणि ब्रेक सतत अर्धवट दाबून ठेवायचे नाहीत. वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग हवा तेवढा उतरवायचा, मग पूर्ण सोडायचे, म्हणजे हवेला थंड करायला वेळ मिळतो. घाबरून हळू उतरणारा माणूस ब्रेक सोडतच नाही, आणि त्याचेच ब्रेक सर्वांत जास्त तापतात. हे नवख्यांना आदल्या दिवशीच समजावून सांगावं.

रिम ब्रेकमध्ये उष्णता रिममधून थेट टायरमध्ये जाते. ट्यूबमधली हवा तापून दाब वाढतो, आणि जुन्या पॅचचा गोंद मऊ होऊन पॅच सरकतो. घाटासाठी पॅच नसलेली ट्यूब घालावी, हे त्यातूनच आलं. हल्ली मिळणाऱ्या हलक्या टीपीयू (प्लॅस्टिकच्या) ट्यूबपैकी काही रिम ब्रेकबरोबर वापरू नयेत असं त्यांच्या खोक्यावरच लिहिलेलं असतं, ते वाचावं. डिस्क ब्रेकमध्ये टायर वाचतं, पण पॅड आणि हायड्रॉलिक तेल तापतं. लिव्हर नेहमीपेक्षा आत जाऊ लागली किंवा जळका वास आला की लगेच थांबायचं. गरम डिस्कला बोट लावू नये, कातडी सोलून निघते. पाणीही ओतू नये, डिस्क वेडीवाकडी होते. पाच मिनिटांत ती आपोआप निवते.

आता दोन सायकलींमधलं अंतर. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. धोका दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद, म्हणजे १० मीटर गेले. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी बारा-तेरा मीटर. एकूण बावीस-तेवीस, उतारावर त्याहून जास्त. वेग ५४ केला तर हाच आकडा ४३ मीटरवर जातो. वेग दीडपट, थांबायचं अंतर जवळपास दुप्पट. म्हणून गटाची मर्यादा ३५, दोन सायकलींमध्ये किमान ३० मीटर, आणि उतारावर गटातल्या कुणीही कुणाला ओलांडायचं नाही. वेगवान उतरणारे पहिल्यापासून पुढे ठेवावेत म्हणजे ओलांडायची वेळच येत नाही.

वळणावर बाहेरचं पॅडल खाली, त्यावर पूर्ण वजन, नजर वळणाच्या शेवटाकडे. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही. या घाटात झाडी दाट आहे, सावलीतल्या वळणांवर सकाळी उशिरापर्यंत दव आणि शेवाळ असतं, आणि ऊन-सावलीच्या पट्ट्यांत खड्डा ओळखू येत नाही. दरीच्या कठड्यांपाशी गाड्या अचानक थांबतात, दारं उघडतात, माकडांना खाऊ घालणाऱ्यांची गर्दी रस्त्यात उभी असते. कुंडलिकेची दरी पाहायची असेल तर नक्की पाहावी, ती पाहण्यासारखीच आहे. पण सायकल रस्त्याच्या पूर्ण बाहेर काढून. चालवताना दरीकडे पाहिलं की सायकल तिकडेच जाते.

दर पाच किलोमीटरला एक मिनिट थांबावं. ब्रेकपेक्षाही हातांसाठी. पंजे आखडले की लिव्हरवरचा जोर कमी होतो आणि ते माणसाला कळतही नाही.

सोबतचा टेम्पो गटाच्या मागे रांगत ठेवू नये. मागच्या गाड्या टेम्पो आणि सायकली एकदम ओलांडायला जातात, आणि वळणावर समोरासमोर येतात. टेम्पोनं पुढे जाऊन ठरलेल्या जागी थांबायचं: माले, घाटाचा माथा, विळे, माणगाव, म्हसळा.

विळे ते माणगाव

घाट विळ्याला संपतो. इथला फाटा चुकतो, उजवीकडे गेलं तर कोलाड, आपल्याला डावीकडे निजामपूर. नियम साधा आहे. फाट्यावर वळलेल्यानं आपल्या मागचा माणूस दिसेपर्यंत हलायचं नाही. मोबाइलवरच्या नकाशावर सगळ्यांनी अवलंबून राहण्यापेक्षा हा नियम जास्त भरवशाचा आहे, घाटात नेटवर्क असेलच असं नाही.

दहा वाजलेले असतात आणि हवा बदलते. वर पहाटे दहा-बारा अंशांत सुरू केलेला प्रवास दुपारी ३३-३४ अंशांत जाणार आहे. विंडचीटर, हातमोज्यांचा जाड जोड, सगळं इथे टेम्पोत टाकावं. सनस्क्रीन मानेला, कानांना आणि गुडघ्यांच्या मागे.

विळे-भागाडच्या औद्योगिक पट्ट्यामुळे इथे अवजड वाहनं वाढतात, आणि त्यांच्याबरोबर पंक्चरही. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसाएवढ्या पोलादी तारा रस्त्याच्या कडेला पडलेल्या असतात. त्या टायरमध्ये शिरतात आणि बाहेरून दिसत नाहीत. नवी ट्यूब घालून पाच किलोमीटरवर पुन्हा हवा गेली तर तार आतच आहे असं समजावं. काढलेल्या ट्यूबमधलं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते टायरवर जुळवून पाहिलं की शोधायची जागा कळते. टायरच्या आतून फडकं फिरवावं, ते जिथे अडकतं तिथे तार. नुसतं बोट फिरवलं तर बोट कापतं. तार चिमट्यानं, नसेल तर नखांनी बाहेरच्या बाजूनं खेचून काढायची. टायरच फाटलं असेल तर आतून जुन्या टायरचा कापलेला तुकडा लावावा, तोही नसेल तर दुहेरी घडी घातलेलं चिक्कीचं वेष्टण म्हसळ्यापर्यंत नेतं.

स्पोक तुटला तर तो शेजारच्या स्पोकला टेपनं बांधायचा, दोन्ही बाजूंचे स्पोक अर्धा आटा सैल करून चाक जमेल तेवढं सरळ करायचं. ३२ स्पोकचं चाक असं चालतं. २० किंवा २४ स्पोकचं चाक एका स्पोकनं इतकं आउट होतं की ते टेम्पोतच जातं.

माणगाव ते म्हसळा

माणगावात सव्वाअकरा. सुट्टीच्या दिवशी मुंबई-गोवा महामार्गावर इथे वाहनांची कोंडी ठरलेली. सायकलवरून उतरून, हातात धरून, चालत ओलांडावं. मग मोर्ब्याचा रस्ता.

इथपासून वाऱ्याचं गणित सुरू होतं. शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे आणि मतलई वारे या टप्प्यात पायांना कळतात. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून सकाळपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि आपल्याला मागून ढकलतो. ऊन चढलं की जमीन तापते, हवा वर जाते आणि समुद्राकडून वारा आत येऊ लागतो. दुपारी तो नेमका समोरून येतो, कारण आपण पश्चिमेला चाललो आहोत. माणगाव सव्वाअकराऐवजी एकला सोडणारा गट उरलेले पन्नास किलोमीटर पूर्ण वाऱ्याविरुद्ध चालवतो. पहाटेचा अर्धा तास आळस केला तर तो इथे दीड तास होऊन वसूल होतो.

वाऱ्यात रांग पुन्हा बांधायची. पुढच्याच्या मागे नीट राहिलं तर साधारण पाव भाग ताकद वाचते. पुढे कुणीही दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त राहू नये. मागून-समोरून गाडी नसेल तेव्हाच पुढच्यानं बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जावं. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूनं ओलांडून कधी ठेवू नये. तो जरा हलला की चाकं घासतात, आणि पडतो तो नेहमी मागचा. थकलेल्या गटात हे भान सर्वांत आधी सुटतं, म्हणून दुपारी रांगेतलं अंतर सकाळच्या दुप्पट ठेवावं.

पाणी आता तासाला पाऊण ते एक लिटर. नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणूस आणखी पाणी पितो. एकाआड एक बाटली ओआरएसची असावी. एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच मिसळायचं, पाऊण लिटरच्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतलं की द्रावण तीव्र होऊन पोट बिघडतं. लघवीचा रंग गडद होत असेल, किंवा चार तासांत लघवीच झाली नसेल, तर पाणी कमी पडतं आहे. उन्हात अंगावर काटा आला, घाम थांबला, बोलणं तुटक झालं, तर त्या माणसाची सफर तिथेच संपली. सावली, मानेला-काखेला ओलं फडकं, टेम्पो आणि गरज पडली तर थेट दवाखाना. त्याला विचारत बसू नये, अशा वेळी प्रत्येक जण ‘मी ठीक आहे’ असंच म्हणतो.

म्हसळ्याआधी घोणसे घाट लागतो. ताम्हिणीपेक्षा कितीतरी लहान, पण वळणं आंधळी आणि एसटी, डंपर यांना रस्ता पुरत नाही. ताम्हिणीत पाळलेलं सगळं इथेही पाळायचं.

म्हसळ्यात एकपर्यंत पोहोचलो तर उत्तम. इथे तीनपर्यंत थांबावं, हा आमचा आग्रह आहे. भरपेट जेवण नको. थोडा भात-आमटी, ताक, आणि पाय उंच ठेवून सावलीत आडवं व्हावं. ‘पंचवीसच किलोमीटर राहिले, मारू एकदम’ हा विचार गटात हमखास येतो, तो लीडनं मोडून काढावा. दीडच्या उन्हात जे पंचवीस किलोमीटर दोन तास खातात, ते तीननंतर दीड तासात होतात.

म्हसळा ते दिवेआगर

बोर्ली पंचतनपर्यंत पुन्हा चढ-उतार. जांभ्याची लाल धूळ वळणांवर साचलेली, दिघी बंदराकडे जाणारी मोठी वाहनं, आणि सकाळपासून आखडलेल्या मांड्या. पेटका आला की वेग कमी करून हलका गिअर घ्यावा, थांबून हळूहळू ताणावं, झटके देऊ नयेत. बोर्लीपासून दिवेआगर अगदी जवळ. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पाचपर्यंत गावात असलो तर दिवस जमला.

गावात शिरल्यावर नारळी-पोफळीच्या वाड्यांमधला अरुंद रस्ता. १९९७ मध्ये इथल्याच एका वाडीत सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला आणि गावाचं नाव महाराष्ट्रभर झालं. २०१२ मध्ये तो चोरीला गेला. जेवण घरगुती खाणावळीत, आणि उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी फोन करून सांगायला हवेत, ऐनवेळी मिळत नाहीत.

सायकल वाळूवर नेऊ नये. फोटोसाठीही नाही. ओली खारी वाळू चेन, बॉटम ब्रॅकेट (पॅडलचा मधला आस) आणि हबमध्ये (चाकाच्या मध्यात) जाते आणि लोखंडी स्क्रू दुसऱ्या दिवशी तांबडे दिसतात. सुरूच्या बनात सायकली लावाव्यात आणि चालत पाण्याकडे जावं. गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यानं पायांना आराम पडतो, पण आज पोहायचं नाही. दिवसभर दमलेल्या पायात खोल पाण्यात पेटका आला तर सावरायला काही नसतं. ओहोटी लागलेली असेल तर मुळीच नाही.

दुसरा दिवस

सकाळी साडेसहाला, रिकाम्या सायकलींवर, किनाऱ्याच्या रस्त्यानं श्रीवर्धन. भरडखोल, शेखाडी, आरावी अशी गावं, उजव्या हाताला सलग समुद्र, वीस-बावीस किलोमीटर. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ याच श्रीवर्धनचे. रस्ता डोंगराच्या सोंडांवरून जाताना छोटे पण उभे चढ येतात, पाय दुखत असतील तर उतरून चालावं, त्यात काही बिघडत नाही. सकाळी वारा जमिनीकडून, त्यामुळे जाताना त्रास नाही. येताना नऊच्या आत निघावं.

परत आल्यावर सायकली गोड्या पाण्यानं धुवायच्या, बादली आणि मगानं. जोराच्या पाइपनं धुतलं तर पाणी बेअरिंगमध्ये ढकललं जातं. फडक्यानं पुसून, उन्हात अर्धा तास ठेवून, चेनला तेल.

मग टेम्पो. बारा सायकली छोट्या हत्तीत पुढची चाकं काढून बसतात. पॅडल काढावीत. डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवल्यावर सुटतं. चाक काढल्यावर डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकचा स्पेसर किंवा दुमडलेला पुठ्ठा घालायलाच हवा. प्रवासात लिव्हर दाबली गेली तर पिस्टन बाहेर येऊन पॅड चिकटतात, मग चाक बसत नाही. सायकली उभ्या, एक उजवीकडे तोंड करून तर पुढची डावीकडे, मध्ये गोणपाट. डिरेलरवर कशाचाही भार नको. दोरी फ्रेमच्या जाड नळीवरून न्यावी, ब्रेकच्या वायरीवरून नाही.

दोनच्या आत निघावं, रविवारी संध्याकाळी ताम्हिणीत परतणाऱ्या गाड्यांची रांग लागते. चांदणी चौकात उतरवल्यावर, घरी जायला निघण्याआधी, प्रत्येकानं चाक हातानं फिरवून ब्रेक दाबून पाहावा, क्विक रिलीज पुन्हा घट्ट करावी, आणि दिवा चालू आहे का ते बघावं. घाईत बसवलेलं चाक शहरातल्या पहिल्याच गतिरोधकावर निसटतं.